खीर हा प्रसाद नाही

दरवर्षी वैशाख पौर्णिमा जवळ आली की आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक होते. वर्गणी किती जमली, दूध कुणाकडून घ्यायचे, मोठी पातेली कुणाकडे आहेत, पहाटे भट्टीवर कोण थांबणार, अशी कामे वाटून दिली जातात. मागे एका बैठकीत फलकावरून वाद झाला. छपाईवाल्याने मजकूर तयार करून पाठवला होता, 'बुद्ध पौर्णिमेनिमित्त भव्य महाप्रसाद'. एका तरुण कार्यकर्त्याने हरकत घेतली, 'महाप्रसाद हा शब्द काढा.' दुसरा म्हणाला, 'शब्दाने काय फरक पडतो? खीर तर तीच आहे ना?'

वाद तिथे मिटला नाही. पण 'खीर तर तीच आहे ना?' हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. खीर मला मनापासून आवडते. आटलेल्या दुधात विरघळत आलेला तांदूळ, वर धरलेली सायीची जाड घडी, बुडाशी किंचित लागल्याचा खमंग वास. गोडात मला दुसरे काही दिले तरी मी खिरीच्याच वाटीकडे हात नेते. म्हणूनच हा प्रश्न गंभीरपणे तपासावासा वाटला. माझे उत्तर असे आहे, की खीर ती नाही. दूध, तांदूळ आणि गोडवा तोच असेल. पण ती कुणासाठी शिजते, यावर या देशात दोन परंपरा उभ्या आहेत. त्यातली आपली कोणती, हे आपल्या तरुणांना नीट माहीत असले पाहिजे.

उरुवेलेची भूक

खिरीची गोष्ट खिरीपासून सुरू होत नाही, भुकेपासून सुरू होते. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे कठोर तपश्चर्या केली. त्या काळच्या श्रमण-परंपरांमध्ये असा समज दृढ होता की शरीराला जितके पिळावे तितके मन शुद्ध होते. सिद्धार्थाने तो समज ऐकून मान्य केला नाही आणि ऐकून टाकूनही दिला नाही. त्याने तो स्वतःच्या शरीरावर तपासला. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात या काळाचे वर्णन आहे. पोटाला हात लावला की पाठीचा कणा हाताला लागे, अशी अवस्था झाली होती. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतले, सिक्री येथे सापडलेले एक शिल्प आहे. त्यात बरगड्या, शिरा आणि आत गेलेले पोट घेऊन सिद्धार्थ बसलेला आहे. आपल्या विहारांतल्या प्रसन्न मूर्तींची सवय असलेल्याने ते शिल्प एकदा तरी पाहावे. बुद्धालाही भूक होती, हे ते शिल्प सांगते.

सहा वर्षांनी निष्कर्ष निघाला. इतके खंगलेले शरीर घेऊन ज्ञान मिळत नाही. महासच्चक सुत्तात पुढे येते ते अन्न अगदी साधे आहे, 'ओदन-कुम्मास', म्हणजे भात आणि धान्याचा शिजवलेला जाडाभरडा पदार्थ. तिथे सुजातेचे नाव नाही, सोन्याचे पात्र नाही, खीरही नाही. ते अन्न खाल्ल्याबरोबर सोबतचे पाच परिव्राजक नाराज झाले. गौतम चैनीच्या वाटेला लागला, असे म्हणून त्यांनी त्याला सोडले. म्हणजे जेवणे हीच त्या काळी बंडखोरी ठरली होती. सर्वात जुन्या निवेदनात एवढेच आहे, आणि तेवढेही पुरेसे आहे.

सुजाता, पुन्ना आणि तो नवस

खीर येते ती नंतरच्या ग्रंथांत. अश्वघोषाच्या बुद्धचरितात गवळ्यांच्या प्रमुखाची मुलगी नंदबला गौतमाला पायस देते. पाली परंपरेतल्या निदानकथेत तिचे नाव सुजाता आहे आणि तिथे ही गोष्ट सर्वात रंगवून सांगितली आहे. उरुवेलेजवळच्या सेनानी नावाच्या गृहस्थाची ती मुलगी. तिने वडाच्या झाडाला नवस बोलला होता. तो फळला म्हणून वैशाख पौर्णिमेला ती खीर शिजवते. एक हजार गाई ज्येष्ठमधाच्या वनात चारायच्या, त्यांचे दूध पाचशे गाईंना पाजायचे, त्या पाचशेंचे अडीचशेंना, असे करत शेवटी सोळा गाईंचे दूध आठ गाईंना पाजायचे आणि त्या आठ गाईंच्या दुधात तांदूळ शिजवायचा. दूध आटवून घट्ट करण्याच्या कल्पनेला कथाकाराने किती ताणले आहे बघा! खीर भट्टीवर आटायच्या आधीच ती गाईंच्या पोटांतून आटवून घेतली. कथेत पुढे देव येऊन त्या खिरीत दिव्य रस घालतात, खिरीचे एकोणपन्नास घास होतात आणि ते बुद्धाला एकोणपन्नास दिवस पुरतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात ही गोष्ट थोडक्यात घेतली आहे. सेनानी आहे, सुजाता आहे, तिचा मुलासाठीचा नवस आहे, पुन्ना दासी आहे, सोन्याचे पात्रही आहे. पण हजार गाई नाहीत, रस घालणारे देव नाहीत आणि पुढचे दिवस तगवणारे चमत्काराचे घास नाहीत. बाबासाहेबांचा गौतम ध्यानाला बसण्यापूर्वी चाळीस दिवस पुरेल इतके अन्न जमा करून ठेवतो. एवढ्या एका वाक्यात बाबासाहेबांची सगळी पद्धत दिसते. ज्ञान मिळवायचे तर शिधा लागतो आणि तो आधी जमवावा लागतो. शहरात शिकायला येऊन मेसचा डबा परवडत नाही म्हणून एक वेळ उपाशी राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता त्या नवसाकडे पाहू. नवस म्हणजे अंधश्रद्धाच. त्यातही पुत्रप्राप्तीचा नवस, म्हणजे पुरुषसत्ताही आली. तरीही या कथेचा मर्मबिंदू तिथेच आहे. पुन्ना झाडाखालची जागा झाडायला जाते. तिथे बसलेला माणूस पाहून तिला वाटते, वृक्षदेवताच खाली उतरली. ती धावत जाऊन सांगते. सुजाता पात्र घेऊन येते आणि ती खीर एका माणसाच्या हातात देते. तो माणूस पात्र घेऊन नदीवर जातो, सुप्पतिट्ठित नावाच्या घाटावर आंघोळ करतो आणि पोटभर जेवतो.

देवासाठी शिजवलेली खीर उपाशी माणसाच्या पोटात गेली. सुजातेला तेव्हा ते कळले नसेल, पण घडले ते हेच. झाडात देव नव्हता. झाडाखाली भुकेला माणूस होता.

पायस कुणी खायचे?

हे किती वेगळे होते, ते दुसऱ्या परंपरेशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात पुत्रकामेष्टी यज्ञाच्या अग्नीतून पायसाचे पात्र बाहेर येते आणि राण्यांना पुत्र होण्यासाठी ते वाटले जाते. तिथे पायस राजवंश चालवण्याचे साधन आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पितरांची इच्छा सांगितली आहे, की आपल्या कुळात असा कुणी जन्मावा जो त्रयोदशीला मध आणि तूप घातलेले पायस आपल्याला देईल. तिथे पायस मेलेल्यांचे अन्न आहे. पितृपक्षात घरोघरी खीर का होते, याचे मूळ इथे सापडेल. आणि पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची जी यादी आहे, त्यात 'वृथा' शिजवलेले पायस येते. वृथा म्हणजे देवाला न दाखवता, नुसते खाण्यासाठी केलेले.

हा नियम नीट समजून घ्या. माणसाला भूक लागली आहे किंवा खीर खावीशी वाटली, हे खीर शिजवायला पुरेसे कारण नाही. देवाचे निमित्त नसेल तर ती खीर फुकट गेली. माणसाच्या वाट्याला येते ते उरलेले. तेच उरलेले म्हणजे प्रसाद. हीच मनुस्मृती दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावे ते सांगते. उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे. अशा रीतीने खिरीची उतरंड पूर्ण होते. आधी देव आणि पितर, मग द्विज, आणि शेवटी उष्टे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा पाण्याबरोबर अन्नाची ही उतरंडही जळाली, असे मी मानते.

आता सुजातेच्या खिरीकडे परत या. मनूच्या हिशेबाने ती खीर 'वृथा' गेली, कारण देवतेऐवजी एका परिव्राजकाने ती खाल्ली. धम्माच्या हिशेबाने तिच्याइतके सार्थकी लागलेले अन्न क्वचितच असेल. म्हणून फलकावर 'महाप्रसाद' लिहिला की आपण नकळत मनूच्या रांगेत जाऊन उभे राहतो. प्रसाद देव देतो आणि माणूस हात पसरून घेतो. दान मात्र माणूस माणसाला देतो. आपल्या समाजात 'खीरदान' हा शब्द रुळला आहे, तो उगाच नाही.

भूक हाच मोठा आजार

कुणी म्हणेल, एका कथेवरून एवढा अर्थ कशाला काढता? तर एक कथा नाही, तिच्यामागे विचार आहे. धम्मपदात भुकेला सर्वात मोठा रोग म्हटले आहे. त्या गाथेची अट्ठकथेतली गोष्ट आळवी गावची आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उपदेश ऐकायला उशिरा पोहोचतो. भगवान बुद्ध आधी त्याला जेवू घालायला सांगतात, तो जेवेपर्यंत थांबतात आणि मग बोलतात. उपाशी माणसाला धम्म सांगू नये, हा नियम तिथून घ्यायचा. आमच्यासारख्या समाजकार्य करणाऱ्यांनी तो भिंतीवर लावून ठेवावा. आपण उपाशी माणसाला आधी फॉर्म भरायला लावतो.

विनयपिटकात भगवान बुद्धांनी पेजेचे, म्हणजे यागूचे दहा फायदे सांगितले आहेत. ती बल देते, बुद्धी देते, भूक-तहान भागवते, पचन सुधारते. एखादा आरोग्यसेवक बोलावा तसे हे बोलणे आहे. दूध, दही, ताक, लोणी आणि तूप हे पाच गोरस भिक्खूंना घेण्याची परवानगीही विनयातच आहे.

आणि महापरिनिब्बान सुत्तातले ते प्रसिद्ध वचन. शेवटचे अन्न चुंदाने दिले. चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे भट्टीवर धातू घडवणारा कारागीर. त्याचे अन्न खाल्ल्यावर बुद्धांचे दुखणे बळावले. चुंदाला कुणी बोल लावू नये म्हणून बुद्धांनी आनंदाला सांगून ठेवले, की दोन भोजनदाने सारख्याच मोलाची आणि इतर सर्वांहून मोठी. एक, जे खाऊन संबोधी मिळाली. दुसरे, जे खाऊन परिनिर्वाण झाले. एका गावातल्या बाईची खीर आणि एका कारागिराचे जेवण या दोन टोकांमध्ये बुद्धाचे सगळे कार्य उभे आहे. तिथे राजांच्या मेजवान्यांना हा मान नाही.

'मग उपोसथाला अष्टशील घेणारे दुपारनंतर जेवत नाहीत, त्याचे काय?' हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. तो संयम आहे, उपासमार नाही. सकाळी पोटभर जेवून दुपारनंतर न खाणे आणि पुण्यासाठी दिवसभर कोरडे राहणे यात फरक आहे. यातून एक व्यवहाराची गोष्टही निघते. खीरदान दुपारी बाराच्या आत करा. भिक्खू संघाला आणि अष्टशील घेतलेल्या उपासक-उपासिकांनाही तरच ती घेता येईल. संध्याकाळी मिरवणूक संपल्यावर खीर वाटली तर ज्यांनी शील घेतले तेच वंचित राहतात.

सुजातेची जात शोधू नका

इथे थोडे आपल्याच लोकांशी भांडायचे आहे. सुजाता 'अस्पृश्य मुलगी' होती, असे भाषणांतून आणि फिरत्या संदेशांतून ठासून सांगितले जाते. ऐकायला छान वाटते. पण पाली ग्रंथांना याचा आधार नाही. तिच्या घरी गाई आहेत, दासी आहे, सोन्याचे पात्र आहे. निदानकथेतला तिचा मूळ नवसच असा आहे, की समान जातीच्या घरात लग्न व्हावे आणि पहिला मुलगा व्हावा. म्हणजे ती जातीच्या चौकटीत राहणारी सुखवस्तू घरातली बाई आहे. तिला आपल्यातली ठरवण्यासाठी इतिहास वाकवला, तर उद्या समोरचे लोक इतिहास वाकवतात तेव्हा बोलायला आपल्याला तोंड राहणार नाही. चिकित्सा आपल्यापासून सुरू करायची असते.

सुजातेचे मोठेपण वेगळ्या जागी आहे आणि ते पक्के आहे. अंगुत्तर निकायात भगवान बुद्ध आपल्या अग्रणी शिष्यांची नावे सांगतात. उपासिकांमध्ये सर्वप्रथम शरण जाणारी म्हणून तिथे सुजातेचे नाव आहे. अट्ठकथा तिला वाराणसीच्या यशाची आई मानते. नवस बोलणारी बाई पुढे नवस सोडून धम्माला शरण गेली. तिची जात बदलण्यापेक्षा हा बदल सांगा. आजही मुलासाठी नवस बोलणाऱ्या आपल्या बहिणींना त्याचाच उपयोग आहे.

आणि खालच्या माणसाचा शोधच घ्यायचा असेल तर ती कथेत आहे. तिचे नाव पुन्ना. झाडाखालचा माणूस सर्वात आधी तिने पाहिला. तिने निरोप आणला नसता तर पात्र कदाचित झाडाच्या बुंध्याशी ठेवले गेले असते. निदानकथेत निरोप ऐकून सुजाता तिला म्हणते, आजपासून तू माझ्या थोरल्या मुलीच्या जागी. आणि मुलीला शोभतील असे दागिने तिला देते. दासीची मुलगी झाली, तीही खीर द्यायच्या आधी. बाबासाहेबांनी गोष्ट इतकी आटोपशीर केली तरी पुन्नाचे नाव गाळले नाही. आपल्या फलकांवर, देखाव्यांत आणि नाटकांत मात्र सुजाता एकटीच खीर घेऊन उभी असते. पुन्ना कुठे गेली?

तथ्य म्हणून एवढेही सांगायला हवे, की बोधगयेच्या समोर, निरंजना नदीच्या पलीकडे बकरौर गावी विटांचा मोठा स्तूप आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे १९७३-७४ मध्ये आणि पुन्हा २००१ ते २००६ या काळात उत्खनन केले. तिथे सापडलेल्या पाल राजा देवपालाच्या काळातल्या लेखात 'सुजाता-गृह' असा उल्लेख आहे. नवव्या शतकातही लोक त्या जागेला सुजातेचे घर म्हणून ओळखत होते. खीर देणाऱ्या बाईचे स्मारक उभारणारी संस्कृती आपल्याच देशात होती. बोधगयेला जाणाऱ्या सहलींनी महाविहार पाहून परत फिरू नये. नदी ओलांडावी.

आमच्या घरात खीर कधी आली?

आता आपल्या चुलीकडे येऊ. वस्तीतल्या एका आजींना मी एकदा विचारले होते, तुमच्या लहानपणी खीर कशी करायच्या? त्या म्हणाल्या, 'दूध गावात होतं गं, आमच्या घरात नव्हतं.' त्यांची खीर म्हणजे गहू ओला करून उखळात सडायचा, पाण्यात तासन्‌तास शिजवायचा आणि वर गूळ टाकायचा. दूध मिळालेच तर ताटात वरून चमचाभर, तेही घरातल्या आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ साली आलेले पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर आहे. त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. ज्यांच्या ताटात पूर्ण काहीच येत नव्हते त्यांना अन्न पूर्णब्रह्म कसे वाटेल?

आणि प्रश्न नुसता गरिबीचा नव्हता. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण दिले. पदार्थांत तूप होते. पंगत बसली असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. कारण एवढेच, की अस्पृश्याने तूप वाढले आणि अस्पृश्यांनी ते खाल्ले. तूप त्याच्या पैशाचे होते, पंगत त्याच्या लोकांची होती, कुणाला बाट लागणार नव्हता. तरीही हल्ला झाला, कारण तूप हे प्रतिष्ठेचे अन्न होते. दूध-तुपाची श्रीमंती कुणाच्या ताटात शोभते, हे जात ठरवत होती.

म्हणून वस्तीत पन्नास लिटर दूध उकळते तेव्हा मला नुसता गोड वास येत नाही. चकवाऱ्याच्या मातीत सांडलेल्या तुपाचे उत्तर त्या पातेल्यात शिजत असते. आपल्या खिरीचा अभिमान बाळगायला एवढे कारण मला पुरे आहे.

पातेल्याजवळ

आमच्याकडे खीर कशी होते तेही सांगते, कारण चांगल्या खिरीला इतिहासाइतकाच धीर लागतो. एक लिटर दुधाला साधारण शंभर ग्रॅम तांदूळ. आंबेमोहोर किंवा चिनोर मिळाला तर उत्तम, नाहीतर रेशनचा चालतो. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचा आणि हाताने जरा चुरायचा. त्यामुळे दाण्यातले पीठ दुधात उतरते आणि खीर दाट होते. दूध आधी मंद आचेवर आटवायचे आणि कडेला धरणारी साय पुन्हा पुन्हा आत ढकलायची. तांदूळ पूर्ण मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही. आधी घातली तर दाणा कडक राहतो. गूळ घालायचा असेल तर पातेले उतरवून, जरा निवल्यावर, नाहीतर दूध फाटते. आणि हात थांबवायचा नाही. मोठ्या पातेल्याला बुडापासून ढवळायला दोन माणसे लागतात आणि ती पाळीने बदलावी लागतात. आमच्याकडे एक पाळी पुरुषांची असते. तो ठराव मंजूर व्हायला तीन बैठका लागल्या.

ही खीर जगभर गेली. श्रीलंकेत नारळाच्या दुधात भात शिजवून त्याच्या वड्या पाडतात, त्याला किरिबत म्हणतात. आणि वेसाकला रस्तोरस्ती 'दनसल' लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. चीनमध्ये बाराव्या चांद्र महिन्याच्या आठव्या दिवशी, ज्याला तिथे बुद्धाच्या संबोधीचा दिवस मानतात, विहारांमध्ये धान्ये, कडधान्ये आणि सुकामेवा घातलेली लाबा पेज वाटली जाते. दूध कुठे नारळाचे झाले, कुठे गेलेच. तांदळाबरोबर कुठे डाळ आली, कुठे खजूर. पण येणाऱ्याला वाढायचे, हे कुठेच बदलले नाही. आपला 'खीर' हा शब्दसुद्धा पाहा. संस्कृतात 'क्षीर', पालीत 'खीर'. आपण रोज बोलतो तो बुद्धाच्या भाषेतला शब्द आहे.

खीर वाटून जात जाते का?

नाही जात. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. रक्ताचे संबंध जुळले पाहिजेत, म्हणजे आंतरजातीय विवाह झाले पाहिजेत, आणि त्याच्याही मुळाशी असलेल्या शास्त्रांवरच्या श्रद्धेवर घाव घातला पाहिजे. वर्षातून एकदा शेजारच्या सोसायटीतल्या चार जणांनी आपली खीर खाल्ली, फोटो काढला, म्हणजे समता आली असे नाही.

पण अन्नाची लढाई संपली असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळांमध्ये शिजवलेले गरम जेवण देण्याचा आदेश दिला. एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असेही सांगितले. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील शाळेत दलित स्वयंपाकी बाईच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला कामावरून काढण्यात आले. मुलांना हे कुणी शिकवले? चकवाऱ्याच्या लाठ्या आता मुलांच्या हातात नसतील, डब्यात मात्र आहेत.

आपल्या महाराष्ट्रात काय? जून २०२४ मध्ये शासनाने शालेय पोषण आहाराच्या नव्या पाककृती ठरवल्या. त्यात तांदळाची खीर होती, नाचणीसत्त्व होते, अंडा पुलाव होता. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंडी आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले आणि अंड्यांसाठी, साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, लोकसहभागातून जमवा, असे सांगण्यात आले. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आज कुणाची मुले शिकतात? बहुतांशी आपली. त्यांच्या ताटात कागदावर आलेली खीर काही महिन्यांत कागदावरच राहिली.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. वैशाख पौर्णिमेची खीर जरूर करा, मोठी करा. पण फलकावर 'खीरदान' लिहा. देखाव्यात सुजातेशेजारी पुन्ना उभी करा. भट्टीवर पुरुषांची पाळी लावा. आणि बैठकीच्या कार्यसूचीत एक विषय वाढवा, तो म्हणजे आपल्या भागातल्या शाळेचा पोषण आहार. खीर शिजते का, कोण शिजवते, तिला मानधन वेळेवर मिळते का, मुले एका पंगतीत बसतात का, हे जाऊन पाहा आणि लिहून काढा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, तिथे आपले पालक बोलले पाहिजेत. साखरेसाठी वर्गणी गोळा करून सरकारची जबाबदारी आपल्या अंगावर घेऊ नका. त्या निधीसाठी निवेदन द्या, पाठपुरावा करा. दान माणसाने माणसाला द्यायचे असते. मुलांचे जेवण हे दान नाही, हक्क आहे.

त्या बैठकीत फलकाचा वाद शेवटी ज्यांच्या घरचे पातेले होते त्या काकूंनी मिटवला. त्या म्हणाल्या, 'माझ्या पातेल्यात प्रसाद शिजवायचा असंल तर दुसरं पातेलं बघा.' फलक नवा छापला. पहाटे चारला भट्टी पेटली. साडेदहाला पहिली वाटी दिली, ती रस्ता झाडून परतणाऱ्या सफाई कामगार बाईला. तिने विचारले, 'कोणत्या देवाचं हाये?' वाढणारी मुलगी म्हणाली, 'देवाचं नाही मावशी, तुमचंच आहे. बसून खा.'

जय भीम! नमो बुद्धाय!